मुलाची स्वतःची चाल घरी रेकॉर्ड करताना

चाल सुचली की जशी गुणगुणली तशी लगेच मोबाइलवर टिपून ठेवा. फाइलला तारीख आणि मुखड्याचे पहिले दोन शब्द एवढं नाव पुरे. चार दिवसांत मूल तीच चाल नकळत बदलतं आणि मूळ जागा, म्हणजे चालीतली खास वळणं, हरवतात, म्हणून ही फाइल पुसायची नाही.

नीट रेकॉर्डिंगसाठी लहान खोली निवडा. पंखा बंद, खिडकीला जाड पडदा, मुलाच्या पाठीमागे उभी केलेली गादी. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळा.

मोबाइलवरच करणार असाल तर साधं व्हॉइस रेकॉर्डर नको. त्यातली बरीच बोलण्यासाठी बनवलेली असतात. सतत वाजणारा सूर त्यांना गोंगाट वाटतो, त्यामुळे तानपुरा आणि पेटीचा भरणा मधेच गायब होतो. ‘नॉइज सप्रेशन’ (गोंगाट कापणं) आणि ‘ऑटो गेन’ (पातळी आपोआप वरखाली करणं) बंद करता येणारं ॲप घ्या. ॲपच्या सेटिंगमध्ये वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा. सर्वात जोरकस तान घ्यायला लावून पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि तो नंतर सांधता येत नाही.

माइक तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर थेट बसत नाही. पेटीला वेगळा माइक असेल तर दीड-दोन फुटांवर, भात्याकडे तोंड न करता. तानपुरा ॲप पेटीच्या सुराला जुळवा. उलटं करता येत नाही, पेटीचे सूर ठरलेले असतात. पावसाळ्यात तबल्याची पुडी उतरते, तेव्हा दर टेकआधी (प्रत्येक वेळी रेकॉर्ड करण्याआधी) सूर बघा.

पट्टीचा, म्हणजे कोणत्या सुराला ‘सा’ धरायचं याचा, घोळ मात्र बहुतेक घरांत होतो. अंतऱ्यात आवाज चढेना म्हणून मोठी माणसं काळी पाचवरून काळी चारवर, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या सुरावरून चौथ्यावर, उतरवतात. पण चाल पेटीवर सुचलेली असेल तर ती बोटांतही बसलेली असते. पट्टी बदलली की बोटं चुकतात आणि मूल रडकुंडीला येतं. अशा वेळी बोटं तीच ठेवून पट्टी बदलता येणारी स्केल चेंजर पेटी मागून आणा.

टेक तीनच घ्या, मधे पाणी. तालाची क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) इअरफोनने एकाच कानात द्या. सूर आपोआप दुरुस्त करणारं ऑटोट्यून लावू नका. त्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, पायऱ्यापायऱ्यांची होते.