साठीनंतर नागरिक दलात काय करता येईल?
नागरिक दल म्हणजे संकटात संरक्षणाला हातभार लावणारे सामान्य नागरिकांचे स्वयंसेवी दल. लढाईचा अनुभव नसला तरी तिथे काम मिळते. ब्रिटनच्या होमगार्डने 1940 मध्ये 65 वर्षांपर्यंतचे स्वयंसेवक घेतले होते. धावपळीच्या, ओझी वाहण्याच्या कामांत मात्र हट्टाने शिरू नका.

वायरलेस सांभाळा. बटण दाबून एक सेकंद थांबा, मगच बोला. नाहीतर पहिला शब्द तुटतो, आणि तो नेमका ठिकाणाचा असतो! प्रत्येक निरोप वेळेसह वहीत लिहून समोरच्याला परत वाचून दाखवा. पहारा दोन तासांचाच घ्या, पुढे लक्ष ढळते.

हातापायातून रक्ताची धार लागली तर टुर्निकेट (रक्त थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा) जखमेच्या 5 ते 7 सेंटिमीटर वर, धडाच्या बाजूला आवळा, सांध्यावर नको. बांधल्याची वेळ लिहा, मध्येच सैल करू नका.

स्वतःची सात दिवसांची औषधे आणि जादा चष्मा पिशवीत ठेवा.