आधी खोली, मग यंत्र : मांजर किंवा कुत्रा असलेल्या घरासाठी एअर प्युरिफायर

आमच्या बेळगावात, आणि विशेषतः खानापूरकडच्या भात पिकवणाऱ्या गावांत, मांजर हौसेने पाळण्याआधी गरजेने पाळले जाते, कारण भाताची पोती घरात आली की त्यांच्यामागोमाग उंदीरही येतात. त्यामुळे घरातल्या एखाद्याला सकाळी उठल्याबरोबर शिंका येऊ लागल्या, डोळे चुरचुरू लागले आणि डॉक्टरांनी मांजराची ॲलर्जी असल्याचे सांगितले, तरी मांजर दुसरीकडे सोडून देणे सर्वांनाच शक्य किंवा मान्य होत नाही. अशा वेळी कोणीतरी एअर प्युरिफायर सुचवतो. शहापूरच्या आमच्या घरात मांजर आहे, माझ्या मुलीला तिची ॲलर्जी आहे, आणि गेली तीन वर्षे आम्ही असे यंत्र वापरत आहोत. या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की यंत्र निवडण्याआधी खोली निवडावी लागते, आणि खोली चुकली तर महागातले यंत्रही उपयोगी पडत नाही.

सर्वप्रथम एक समज दूर करायला हवा. आपण सर्रास 'केसांची ॲलर्जी' म्हणतो, परंतु त्रास केसांचा नसून त्यांवरून पसरणाऱ्या प्रथिनांचा असतो. मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील तैलग्रंथींत 'फेल डी १' नावाचे प्रथिन तयार होते. मांजर दिवसभर अंग चाटत असते, लाळ वाळते आणि त्वचेच्या कोंड्याबरोबर तिचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात. कुत्र्यामध्ये 'कॅन एफ १' हे मुख्य प्रथिन आहे. म्हणूनच आखूड केसांचा मुधोळ कुत्रा पाळला म्हणजे ॲलर्जी होणार नाही, असे मानण्यात अर्थ नाही. केस कमी गळल्याने झाडलोट सोपी होते एवढेच. लाळ आणि कोंडा प्रत्येक जातीला असतोच.

या कणांपैकी बराचसा भाग ५ मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतो आणि तो हवेत तासन् तास तरंगत राहू शकतो. धुळीतील माइट किड्यांची ॲलर्जीकारक द्रव्ये तुलनेने जड कणांवर असल्यामुळे गादी झटकल्यावर थोड्याच वेळात खाली बसतात. प्युरिफायर फक्त तरंगणारे कण ओढून घेऊ शकतो, त्यामुळे माइटपेक्षा मांजराच्या बाबतीत त्याचा उपयोग अधिक होतो. मात्र घरातील एकूण ॲलर्जीकारक द्रव्याचा मोठा साठा गादी, वाकळ, पडदे, सोफा आणि अंगावरचे कपडे यांतच दडलेला असतो, आणि तिथवर यंत्राचा हात पोहोचत नाही.

बेळगावच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटात बुरशीचा वास सुटतो आणि माइटही वाढतात. या सगळ्यांचा दोष घरातल्या मुक्या जनावरावर सहज टाकला जातो. त्यामुळे खरेदीपूर्वी त्वचेवरची ॲलर्जी चाचणी किंवा रक्तातील विशिष्ट आयजीई (ॲलर्जीत तयार होणारी प्रतिपिंडे) तपासणी करून घ्यावी. मांजराला पंधरा दिवस नातेवाइकांकडे ठेवून पाहण्याचा घरगुती प्रयोग फसवा असतो, कारण मांजर गेल्यानंतरही त्याचे प्रथिन घरात चार ते सहा महिने टिकू शकते. पंधरा दिवसांत फरक पडला नाही म्हणून मांजर निर्दोष ठरत नाही.

आता खोलीकडे वळू. माणूस सलग सात-आठ तास जिथे श्वास घेतो ती झोपायची खोली, म्हणून यंत्र तिथेच हवे. दिवाणखान्यात, जिथे दार सतत उघडे असते आणि मांजर येत-जात असते, तिथे लावलेले यंत्र पाहुण्यांना दिसते खरे, पण रुग्णाच्या पदरात फारसे काही पडत नाही. झोपायच्या खोलीत जनावराला पूर्ण बंदी करावी. दिवसा नाही, रात्री नाही, थंडीत पायापाशीही नाही. आमच्या घरात यंत्र आणण्यापेक्षा हा नियम पाळणे कितीतरी अवघड गेले, आणि फरकही त्या नियमानेच अधिक पडला, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आपल्या भागातील जुन्या घरांच्या बाबतीत एक अडचण विशेष लक्षात घ्यावी लागते. मंगळुरी कौलांच्या अनेक घरांत खोल्यांमधल्या भिंती छपरापर्यंत गेलेल्या नसतात. वर आढ्याखाली सगळ्या घराची हवा एकच असते, शिवाय कौलांच्या फटींतून बाहेरची हवाही येते. अशा खोलीचे दार लावले तरी ती बंद होत नाही, आणि यंत्र एका बाजूने हवा स्वच्छ करत असताना दुसऱ्या बाजूने स्वयंपाकघरात बसलेल्या मांजराची हवा वरून उतरत राहते. वर लाकडी तक्तपोशी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर आधी त्या एका खोलीला साधे छत करून घ्यावे आणि दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करावी. यंत्रावर जास्तीचे पैसे घालण्याआधी हा खर्च करणे शहाणपणाचे आहे.

खोली ठरली की हिशेब सोपा आहे. यंत्राची खरी ताकद सीएडीआर या आकड्यात असते, म्हणजे तासाला ते किती घनमीटर स्वच्छ हवा देते. ॲलर्जीसाठी खोलीतील हवा तासाला साधारण पाच वेळा स्वच्छ व्हावी असे धरावे. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करावा आणि येणाऱ्या घनफुटांना ७ ने भागावे. हवा असलेला सीएडीआर जवळपास तितकाच येतो. १० बाय १२ फुटांची आणि १० फूट उंचीची खोली असेल तर १,२०० भागिले ७, म्हणजे सुमारे १७० घनमीटर. १२ बाय १५ ची असेल तर सुमारे २५७. खोक्यावर आकडा मिनिटाला घनफूट या मापात असेल, तर त्याला १.७ ने गुणावे. उंची मोजायला विसरू नये, कारण जुन्या घरांचे छत नव्या फ्लॅटपेक्षा बरेच उंच असते.

तथापि छापलेला आकडा सर्वांत वेगवान पंख्यावरचा असतो, आणि त्या आवाजात कोणी झोपू शकत नाही. रात्री यंत्र मधल्या किंवा हळू वेगावर चालवले जाते, तेव्हा हवेचा पुरवठा निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतो. म्हणून १७० ची गरज असेल तर ३०० च्या आसपासचे यंत्र घ्यावे आणि ते मधल्या वेगावर चालवावे. दुकानात यंत्र लावून, शांत कोपऱ्यात उभे राहून, मधल्या वेगाचा आवाज स्वतःच्या कानाने ऐकावा. 'इतक्या चौरस फुटांसाठी योग्य' या ओळीवर विसंबू नये, कारण त्यामागे तासाला हवा किती वेळा बदलणार हे धरलेले असते आणि तो आकडा बहुधा खोक्यावर नसतो.

फिल्टर खरा हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणारा दाट तंतूंचा, असावा. एच १३ दर्जाचा हेपा पकडायला सर्वांत अवघड अशा आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो. मांजराचे कण त्याहून मोठे असल्यामुळे एच १३ की एच १४ यावर जास्त पैसे घालवण्याची गरज नाही. तोच पैसा जास्त सीएडीआरवर घालावा. 'हेपासारखा' किंवा 'हेपा टाइप' असे शब्द दिसले तर ते यंत्र बाजूला ठेवावे. कोळशाचा थर वासासाठी असतो, ॲलर्जीवर त्याचा परिणाम नाही. ओझोन सोडणारे यंत्र घरात आणूच नये, कारण ओझोनने श्वासनलिका चिडते आणि दम्याच्या रुग्णाला त्रास वाढतो. आयोनायझरचे, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या भागाचे, वेगळे बटण असेल तर ते बंद ठेवावे.

दुकानदाराला दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. बदलीचा फिल्टर बेळगावात मिळतो, की हुबळी-कोल्हापूरहून मागवावा लागतो? आणि वीज जाऊन परत आली की यंत्र आपोआप पूर्वीच्या वेगावर सुरू होते का? टच पॅनेलची काही यंत्रे वीज आल्यावर बंदच राहतात. खेड्यात रात्री दोनदा वीज गेली, तर सकाळपर्यंत यंत्र नुसते उभे असते आणि घरच्यांना वाटते की ते चालू आहे. किमतीची तुलना करतानाही यंत्राच्या किमतीत तीन वर्षांच्या फिल्टरांची किंमत मिळवूनच ती करावी.

यंत्र घरी आले की आधी मागचे झाकण काढून फिल्टर बाहेर घ्यावा. निपाणीला माझ्या मावशीकडे यंत्राने तीन आठवडे काहीच फरक पडला नव्हता. मी झाकण काढून पाहिले तेव्हा फिल्टर कारखान्यातून आला तसा पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. पिशवीवर मांजराचे चार केस चिकटले होते आणि आतल्या पांढऱ्या घड्या कोऱ्या करकरीत होत्या. बरेच उत्पादक फिल्टर असाच पिशवीत घालून पाठवतात, त्यामुळे हे आधी तपासावे.

यंत्र भिंतीपासून फूटभर दूर, पडद्याआड किंवा पलंगाखाली न जाता, मोकळ्या जागेत ठेवावे. झोपण्याच्या तासभर आधी खिडक्या लावून ते वेगात चालवावे, नंतर मधल्या वेगावर आणून रात्रभर चालू ठेवावे. शक्य असेल तर दिवसाही हळू वेगावर चालू असावे. ऑटो मोडवर मात्र सोडू नये. त्यातील सेन्सर मुख्यतः धूर आणि बारीक धूळ ओळखण्यासाठी असतो. कोंड्याचे मोठे कण त्याला नीट दिसत नाहीत, त्यामुळे यंत्राच्या पडद्यावर हिरवा दिवा आणि छोटा आकडा असतानाही उशीवर प्रथिन भरपूर असू शकते. खोली सतत कोंडून ठेवण्याचीही गरज नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास खिडक्या उघडून मग पुन्हा वेग वाढवावा.

बाहेरच्या जाळीकडे, म्हणजे प्री-फिल्टरकडे, दर आठवड्याला लक्ष द्यावे. आमच्या यंत्राच्या जाळीवर आठ दिवसांत राखाडी रंगाचा मऊ थर साचतो, तो एका टोकाला नखाने उचलला की लोकरीच्या पट्टीसारखा सलग निघून येतो. हे काम ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने करू नये, आणि दुसऱ्यानेही तोंडाला मास्क लावून घराबाहेर करावे. जाळी धुतली तर ती पूर्ण वाळल्यावरच बसवावी. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कपडेच चार दिवस वाळत नाहीत, तिथे ओली जाळी बसवली की खोलीभर कुबट वास सुटतो. म्हणून पावसाळ्यात ती व्हॅक्यूमने किंवा कोरड्या ब्रशने साफ करावी. हेपा फिल्टर, उत्पादकाने तसे स्पष्ट सांगितले नसेल तर, पाण्याने कधीच धुऊ नये, कारण त्याचे तंतू खराब होतात.

चिकोडी, रायबाग, अथणी या ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की शेतात पाचट पेटवले जाते आणि काजळी अंगणापर्यंत येते. या महिन्यांत हेपा लवकर काळवंडतो. पुस्तिकेत वर्षभराची मुदत दिली असली तरी अशा गावांत फिल्टरचा रंग आणि हवेचा कमी झालेला झोत पाहून तो आधीच बदलावा लागतो. जुना फिल्टर पिशवीत घालून, तोंड बांधून टाकावा.

विजेचा खर्च फार नाही. ४० वॅटचे यंत्र चोवीस तास चालले तर दिवसाला साधारण १ युनिट, म्हणजे महिन्याला ३० युनिटांच्या आत जाते. मात्र कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटांपर्यंतची वीज मोफत असली तरी प्रत्येक घराची मर्यादा त्याच्या पूर्वीच्या सरासरी वापरावरून ठरलेली असते. तिच्यावरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात आणि एकूण वापर २०० च्या वर गेला तर पूर्ण बिल येते. हेस्कॉम या आपल्याकडच्या वीज कंपनीचे गेल्या काही महिन्यांचे बिल पाहून हा हिशेब आधीच करावा.

यंत्राबरोबर घरकामाची पद्धतही बदलावी लागते. केरसुणीने बसलेला कोंडा पुन्हा हवेत उडतो, म्हणून त्या खोलीत झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी. शहाबादी फरशीच्या सांध्यांत केस अडकतात, तिथे फडके दोनदा फिरवावे. पलंगपोस आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला धुवावेत. हे प्रथिन पाण्यात विरघळते, त्यामुळे धुण्याचा चांगला उपयोग होतो. जाड वाकळी वारंवार धुणे शक्य नसते, म्हणून त्यांवर धुता येणारी खोळ घालावी. मांजराला मांडीवर घेतलेल्या कपड्यांनी अंथरुणावर जाऊ नये. कुत्र्याला आठवड्यातून दोनदा अंघोळ घातली तर काही फरक पडतो, पण दोन-तीन दिवसांत प्रमाण पूर्ववत होते. ब्रश फिरवण्याचे काम ॲलर्जी नसलेल्याने अंगणात करावे.

यंत्र सुरू केल्यापासून किमान चार आठवडे वहीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात: रात्री किती वेळा जाग आली, सकाळी शिंका किती आल्या आणि औषध किती लागले. आमच्या वहीत पहिल्या दहा दिवसांत काहीही बदल दिसला नव्हता, कारण जुनी गादी तशीच होती. तिला खोळ घातल्यानंतरच्या आठवड्यात शिंकांचा आकडा उतरू लागला. डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर किंवा गोळ्या यंत्राच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नयेत. छातीत घरघर वाजत असेल किंवा रात्री दम लागून उठावे लागत असेल, तर चार आठवडे थांबू नये. वही घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.