खिळे ठोकलेल्या लष्करी बुटात तळपाय बधिर होतात: माझा अनुभव

बर्फाळ जमिनीवर अर्ध्या तासात बोटं बधिर. मोज्यावर मोजा चढवला, तर पाय आवळून गारठा वाढलाच. फार वैताग आला.

मूळ दोष लोखंडी खिळ्यांचा: तळव्याची ऊब त्यांतून जमिनीत जाते. १९४१च्या हिवाळ्यात रशियात जर्मन सैनिकांचे हेच हाल झाले. ते बुटात कागद, गवत कोंबत. सोव्हिएत लाल सैन्याकडे नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या फेल्टचे, वालेंकी बूट होते.

उपाय याच क्रमाने: बूट एक नंबर मोठा घ्या. आत वर्तमानपत्राचे चार थर, त्यावर ५ मिमी लोकरी फेल्ट, कडेने २ मिमी कमी कापलेलं, नाहीतर दुमडून टोचतं. मोजा एकच, जाड लोकरीचा. नाडी पंजावर सैल, घोट्याशी घट्ट. रोज रात्री फेल्ट काढून वाळवा, कागद बदला. ओलं फेल्ट ऊब धरत नाही.