ग्रीक स्वरांचा माग काढताना

आजच्या ग्रीकमध्ये ईटा, योटा, युप्सिलॉन ही अक्षरं आणि ‘एइ’, ‘ओइ’ या जोड्या, सगळ्यांचा उच्चार एकच: ‘इ’. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात अथेन्समध्ये हे पाचही वेगळे होते. त्या काळच्या एका सुखात्मिकेत मेंढीचं ओरडणं बीटा-ईटाने लिहिलंय. आजच्यासारखं वाचलं (बीटाचा उच्चार आज ‘व’ आहे) तर ती ‘वी वी’ म्हणते, आणि असं कुठलीच मेंढी म्हणत नाही!

खरा पुरावा मात्र लेखनदोषांत असतो. आपल्याकडे मुलं ऱ्हस्व-दीर्घ चुकवतात, कारण बोलण्यात तो फरक उरलेला नाही. इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकलेल्या पपायरसवरच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरच्या) पत्रांत, पावत्यांत हेच दिसतं. चूक टिपताना काळ, गाव, हवं असलेलं अक्षर आणि पडलेलं अक्षर एवढं लिहा. दोन्ही दिशांच्या चुका वेगळ्या मोजा. ‘एइ’च्या जागी ‘इ’ आणि ‘इ’च्या जागी ‘एइ’, दोन्ही भरपूर सापडल्या तर ध्वनी एक झाले. एकाच बाजूच्या मिळाल्या तर घाई नको. शेजारच्या ध्वनीचा परिणामही असू शकतो. बिनचूक मजकुरावरून फक्त लिहिणारा शिकलेला होता एवढंच कळतं. शिवाय पाचही स्वर एकदम ‘इ’ झाले नाहीत. युप्सिलॉन आणि ‘ओइ’ आधी आपसात मिसळले (ओठ ‘उ’चे, जीभ ‘इ’ची) आणि ‘इ’मध्ये गेले ते इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास.

संस्कृत येणाऱ्यांचा पाय इथे हमखास घसरतो. ‘भरामि’ला ग्रीक ‘फेरो’, ‘अष्ट’ला ‘ओक्तो’. म्हणजे संस्कृत ‘अ’ फुटून ग्रीकचे ‘ए’, ‘ओ’ झाले, असं वाटतं. घडलं उलट. दोन्ही भाषांच्या समान मूळ भाषेतले ऱ्हस्व ए, ओ, अ ग्रीकने राखले, संस्कृतात ते ‘अ’मध्ये विरले. खूण ‘चकार’ (‘केलं’) या ‘कृ’ धातूच्या द्विरुक्त रूपातच आहे: पहिल्या ‘क’पुढे ‘ए’ होता म्हणून त्याचा ‘च’ झाला, दुसऱ्यापुढे ‘ओ’ होता म्हणून तो ‘क’च राहिला.

बदल नुसते टिपू नका, त्यांचा क्रम लावा. डोरिक या ग्रीक बोलीतल्या ‘मातेर’चं (आई) अथेन्सकडे ‘मेतेर’ झालं, पण ‘र’नंतर तिथे ‘आ’च दिसतो: ‘खोरा’, म्हणजे प्रदेश. मग मुलगी ‘कोरे’ का? कारण ‘र’चा नियम चालू होता तेव्हा मध्ये ‘व’ उभा होता. तो नंतर गळाला. ग्रीसमधल्या आर्केडिया प्रदेशाच्या बोलीत तो ‘व’ लिहिलेला सापडतो.