जुनी बुलेट घेताय? इंजिन बघताना या चुका टाळा

सेकंड हँड बुलेट बघायला गेलेला माणूस टाकी बघतो, क्रोम बघतो, टायर बघतो, एक राउंड मारतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. इंजिन कुठलं आहे हे विचारतच नाही. "बुलेटचं इंजिन म्हणजे बुलेटचं इंजिन" असं धरून चालणं हीच सगळ्यात महाग पडणारी चूक, कारण जुनं कास्ट आयर्न (लोखंडी बोअरचं), मधलं एव्हीएल (त्याच नावाच्या ऑस्ट्रियन कंपनीच्या मदतीने बनवलेलं), 2009 च्या क्लासिकपासून सगळीकडे दिसायला लागलेलं यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन) आणि आत्ताचं जे सिरीज, ही चार वेगळी इंजिनं आहेत आणि चौघांची दुखणी वेगळी. यूसीईची टेस्ट कास्ट आयर्नला लावून काही कळत नाही.

ओळखायचं कसं? गिअरबॉक्स इंजिनला मागून जोडलेला वेगळा डबा दिसतोय का ते बघा. वेगळा असेल तर कास्ट आयर्न नाहीतर एव्हीएल, सगळं एकाच केसिंगमध्ये असेल तर यूसीई किंवा त्यानंतरचं. पायावरून ठरवू नका. उजव्या पायाला गिअर म्हणजे जुनी चार गिअरची हे खरंय, पण डाव्या पायाला गिअर म्हणजे यूसीई असं अजिबात नाही, पाच गिअरच्या इलेक्ट्रा कास्ट आयर्नमध्येसुद्धा आल्यात.

आता दुसरी चूक, गरम इंजिन ऐकणं. तुम्ही पोचायच्या आधीच गाडी चालू करून ठेवलेली असते, "आत्ताच पेट्रोल भरून आलो" वगैरे. फोनवरच सांगून ठेवा की गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी मी स्वतः स्टार्ट करणार. पोचल्यावर आधी सायलेन्सरच्या पाइपला आणि हेडला, म्हणजे इंजिनच्या सगळ्यात वरच्या भागाला, हात लावून बघा (जपून), गरम लागलं तर चहा प्या आणि गार होईपर्यंत थांबा. मालक कुरकुर करायला लागला तर तेही एक उत्तरच आहे.

कास्ट आयर्नला धूर बघून लोक एकतर फार घाबरतात नाहीतर अजिबात घाबरत नाहीत. या इंजिनाचं ऑइल क्रँककेसच्याच (इंजिनच्या खालच्या पेटीच्या) मागच्या कप्प्यात असतं आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते हळूहळू पुढे क्रँकच्या जागेत उतरतं, मग स्टार्ट केल्यावर निळसर पांढरा धूर निघतो आणि थोडं चालल्यावर बंद होतो. हा डिझाइनचाच स्वभाव आहे, यावरून पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणू नका. पण इंजिन तापलं तरी धूर येतच राहिला, थ्रॉटल सोडून परत दिला की भपकन आला, तर मात्र रिंग-बोअर नाहीतर व्हॉल्व्ह गाइडचं काम आहे, म्हणजे किमान हाफ इंजिन (वरचा अर्धा भाग) खोलायचं. याच प्रकरणातली उपचूक म्हणजे उभ्या गाडीत डिपस्टिक काढायची, ऑइल कमी दिसतंय म्हणून वरून ओतायचं, आणि मग गाडी ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल फेकायला लागली की इंजिनला नावं ठेवायची. आधी दोन-तीन मिनिटं चालवा, मग लेव्हल बघा.

गळतीचंही तसंच. "बुलेट आहे, ऑइल गळणारच" हे वाक्य विकणाऱ्यांनी पाठ केलेलं असतं. डाव्या बाजूचं प्रायमरी चेनचं कव्हर जुन्या मॉडेलला मधल्या एकाच नटवर बसलेलं असतं, तिथून थोडं पाझरलं तर ठीक, चालवून घेता येतं. हेडच्या जॉइंटला, बोअरच्या बुडाला किंवा क्रँककेसच्या मधल्या जोडावर ओलं असेल तर ते चालवून घ्यायचं नाही. कापडाने पुसा, दहा मिनिटं इंजिन चालवा, परत बघा कुठून फुटतंय. हेडकडे वर जाणारा बारीक ऑइल पाइप असतो, मेकॅनिक सोबत असेल तर इंजिन चालू ठेवून त्याचा वरचा बोल्ट त्याच्याकडून किंचित ढिला करून घ्या, ऑइल झिरपलं पाहिजे. कोरडं राहिलं तर वर रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांना) ऑइलच जात नाहीये, गाडी दिसायला कितीही चकाचक असो. आणि लोड देऊन चालवताना खालून जड ढक-ढक आली तर बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) गेलंय, म्हणजे क्रँक काढायचा. जुन्या कास्ट आयर्नच्या बिग एंडला फ्लोटिंग बुश असतो, सतत फुल थ्रॉटल त्याला सोसत नाही, त्यामुळे हायवेवर पिळलेली गाडी कुठली हे इथेच कळतं.

यूसीईकडे आलो की हे सगळं बाजूला ठेवा. इथे पहिलं बघायचं ते स्प्रॅग क्लच. सेल्फची मोटर ज्या वन-वे क्लचमधून इंजिन फिरवते तो हा, आणि बॅटरी कमजोर असताना सेल्फ दाबला की इंजिन उलटा झटका देतं आणि तो मार यालाच बसतो, 500 सीसीच्या गाडीला जास्त कारण तिच्या कॉम्प्रेशनचा झटका मोठा. खराब झाला की सेल्फ दाबल्यावर मोटर नुसतीच गरगर फिरते नाहीतर आतून ठाणकन आवाज येतो, आणि बदलायचा म्हणजे इंजिनचं कव्हर खोलणं आलं. म्हणून "बॅटरी डाउन आहे ओ, किकवर दाखवतो" हे ऐकलं की मान हलवू नका. चार्ज बॅटरी लावायला सांगा, गार इंजिनवर सेल्फने स्टार्ट करा, बंद करा, परत करा, असं चार-पाच वेळा. किक मारून स्टार्ट झालेली यूसीई तुम्ही अर्धीच बघितली.

दुसरं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतले छोटे भाग. टकटक येत असेल आणि मालक म्हणाला "टॅपेट सेट करून देतो, दोनशे रुपयांचं काम आहे", तर एकतर त्याला माहीत नाही नाहीतर तुम्हाला माहीत नसेल असं त्याला वाटतंय. यूसीईला हायड्रॉलिक टॅपेट आहेत, सेट करायला तिथे काही नसतंच. गार स्टार्टला काही सेकंद टकटक चालते, ऑइल पोचलं की थांबली पाहिजे. तापल्यावरही चालूच असेल तर ऑइल चुकीचं किंवा जुनं, प्रेशर कमी, नाहीतर टॅपेट गेलेले, आणि यातलं काहीच दोनशेत होत नाही. (कास्ट आयर्नला मात्र खरंच सेट होतात, म्हणून तर आधी इंजिन ओळखा म्हटलं.) ऑइलची लेव्हल उजव्या बाजूच्या काचेत दिसते, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून बघा, साइड स्टँडवर बघून काही उपयोग नाही.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलेला असेल तर कंपनीचा लावून आणायला सांगा. त्या दणदणाटात वरचं काहीच ऐकू येत नाही आणि तो बऱ्याचदा त्यासाठीच ठेवलेला असतो.

एव्हीएलबद्दल एवढंच, इंजिन वाईट नाही पण पार्ट्स कास्ट आयर्नसारखे गल्लोगल्ली मिळत नाहीत, तुमचा मेकॅनिक त्यावर हात ठेवायला तयार आहे का हे पैसे देण्याआधी विचारा.

डिसेंबर 2020 ते एप्रिल 2021 मधली मिटिओर, किंवा जानेवारी ते एप्रिल 2021 मधली क्लासिक किंवा बुलेट असेल तर इग्निशन कॉइलचा रिकॉल झाला होता, मिसफायर व्हायचं म्हणून. सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर देऊन कॉइल बदललीय का ते विचारून घ्या.

आणि शेवटी इंजिन नंबर. जुन्या बुलेटना क्रँककेस बदललेले सापडतात, आरसीवर एक नंबर आणि इंजिनवर दुसराच. टॉर्च मारून बघा, नंबरची जागा घासलेली, बाकी केसिंगपेक्षा जास्त गुळगुळीत किंवा आकडे वरखाली पंच केलेले दिसले तर भावाची बोलणी सुरूच करू नका.