थंडीपूर्वी न्हाणीघराची तयारी

कोल्हापुरात खोली तापवण्याची वेळ वर्षातून मोजक्याच रात्री येते. हिवाळ्यातले विजेचे बिल फुगते ते न्हाणीघरात. म्हणून दिवाळीची अभ्यंगस्नाने आटोपली की तयारीची सुरुवात पाण्यापासून करावी.

गच्चीवर सौर बंब असल्यास पावसाळ्यात काचेवर साचलेली धूळ व शेवाळ सकाळी, काच गार असतानाच, धुऊन काढावे. २१ डिसेंबरच्या सुमारास येथे सूर्य भर दुपारीही साधारण ५० अंशांपर्यंतच चढतो; त्यामुळे उन्हाळ्यात कधी न जाणवलेली, दक्षिणेकडील शेजारच्या भिंतीची किंवा नारळाची सावली काचेवर पडते का, हे प्रत्यक्ष उभे राहून पाहावे. गरम पाण्याच्या नळावरचे आवरण फाटले असल्यास बदलून घ्यावे. टाकीत विजेची कॉइल असेल तर ती रात्रभर चालू न ठेवता पहाटे पाणी पाहून गरजेपुरतीच लावावी.

गीझर असलेल्या घरी आधी हिशोब समजून घ्यावा. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.७ युनिट वीज लागते आणि २ किलोवॉटच्या गीझरला त्यासाठी वीसेक मिनिटे पुरतात. तासभर आधी बटण दाबण्याचे काहीच कारण नाही. कढत पाण्यात विसण घातल्याने वीज वाया जाते, असा एक समज आहे. तो खरा नाही; उष्णता बादलीतच राहते. वाया जाते ते आंघोळी उरकल्यावर टाकीत उरून दुपारपर्यंत निवणारे पाणी. म्हणून घरातल्यांनी आंघोळी पाठोपाठ कराव्यात व शेवटच्या माणसाच्या आधीच गीझर बंद करावा. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी कॉइलवरचे क्षारांचे पापुद्रे जाणत्या कारागिराकडून काढून घ्यावेत.

तांब्याचा बंब अजून पेटत असेल तर आतली राख व नळकांड्यातली काजळी काढून, लाकूड आणि करवंट्या कोरड्या जागी रचून ठेवाव्यात. ओले जळण निम्मे धुरातच जाते.

खोलीसाठी फार काही लागत नाही. २ किलोवॉटचा हीटर तासभर सतत चालला की २ युनिट, म्हणजे जवळजवळ तीन गीझर पाण्याची वीज खर्च होते. त्यापेक्षा दाराखालच्या फटीला पट्टी लावावी, दक्षिणेची खिडकी दिवसा उन्हाला मोकळी ठेवून सूर्य कलताच बंद करावी व जाड पडदा ओढावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नये, कारण तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कळत नाही आणि झोपेतच जीव घेतो. वाकळा आणि घोंगडी थंडी पडण्याआधीच दोन दिवस कडक उन्हात घालून ठेवावीत.