लार्ज ब्लू बघायला जाताय? या चुका टाळा

लार्ज ब्लू हे निळं फुलपाखरू बघायला दर जूनमध्ये मी इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या कॉलर्ड हिल या टेकडीवर जाते आणि दरवेळी तेच बघून जीव तुटतो, म्हणून एकदाचं लिहितेय.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक: "इथे गाई कशाला सोडल्यात, फुलं खातील, कुंपण घाला ना." अहो, कुंपणानेच घात झालाय! १९३०च्या दशकात फुलपाखरं पकडणाऱ्यांपासून वाचवायला म्हणून एका जागेला कुंपण घातलं, त्यात चरणारी जनावरंही बाहेर राहिली, गवत वाढलं आणि तिथलं फुलपाखरू गेलं. पुढे १९५०च्या दशकात रोगाने ससे मेले, चराई आणखी घटली, १९७९ला ब्रिटनमधून लार्ज ब्लू संपलंच. कारण कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी शोधलं. या फुलपाखराची अळी आधी रानटी थाइम या बुटक्या सुगंधी झुडपाची फुलं खाते, मग जमिनीवर पडते, तिथून मिर्मिका साब्युलेटी नावाची लाल मुंगी तिला आपलं पिल्लू समजून घरी नेते आणि ही बया दहाएक महिने मुंग्यांचीच पिल्लं खाते. या मुंगीला तापलेली जमीन लागते, गवत चार बोटं वाढलं की माती थंड होते आणि मुंगी जाते. १९८३ला स्वीडनहून फुलपाखरं आणली ती आधी चराई नीट करूनच.

आमच्या घराजवळच्या एका उतारावर आम्ही काही जण श्रमदान करतो. तिथे एका वर्षी "जमिनीला विश्रांती देऊ" म्हणून मेंढ्या बंद केल्या, मी ओरडत होते पण कोणाला धीर नव्हता, लगेच फुलांचा गालिचा हवा होता. पुढच्या उन्हाळ्यात गुडघाभर गवत, खाली थाइम पिवळं पडलेलं, आणि नंतर दोन हिवाळे आम्ही हाताने काटेरी झुडपं उपटत बसलो.

दुसरी चूक, फोटोसाठी थाइमवर आडवं होणं. मादी कळ्यांमध्येच अंडी घालते! मी पायवाटेवरूनच झूम करते, नाही मिळाला फोटो तर नाही.

आपल्याकडच्या नीलवंत फुलपाखराएवढं मोठं शोधू नका, पंख पसरून जेमतेम पाच सेंटीमीटर भरतं. प्रत्येक निळं फुलपाखरू लार्ज ब्लू नसतं, पुढच्या पंखांवर वरून काळे ठिपके बघा.

ऑगस्टमध्ये येऊ नका. जूनचा मध्य ते जुलैची सुरुवात, ऊन असलेला दिवस, मी साडेनऊला पोचते, तेव्हा ती पंख उघडून शेकत असतात.